बंद यादी, उघडी यादी

आयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या, यंत्राविषयी एक समज पक्का आहे. चिमूटभर पदार्थ हिऱ्याच्या बारीक खिडकीवर ठेवायचा, वरचा स्क्रू आवळायचा आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर पदार्थाचे नाव वाचायचे. समज अगदीच खोटा नाही. औषधाची गोळी असो, तुटलेल्या बादलीचा तुकडा असो की रंगाचा पोपडा, नाव येते आणि बहुतेक वेळा बरोबर येते. पण त्याच खिडकीवर खानापूर तालुक्यातली माती ठेवली, जांबोटीच्या बाजूचा मध ठेवला, घाटातल्या झाडाची साल ठेवली, तर नाव तेव्हाही येते. फक्त ते विश्वास ठेवण्याजोगे नसते. हे काम रोज करणाऱ्याच्या ध्यानात हा फरक लवकर येतो. यंत्रासाठी अनुदान मागणाऱ्याच्या आणि ते मंजूर करणाऱ्याच्या ध्यानात तो सहसा आलेला नसतो. आयआर यंत्र कोणताही पदार्थ नव्याने ओळखत नाही, आधी कुणीतरी ओळखून ठेवलेल्या नमुन्याशी तो ताडून पाहते. म्हणून शक्यतांची यादी जिथे बंद आहे तिथे ते पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते, आणि जिथे यादी उघडी आहे, गावागणिक आणि हंगामागणिक बदलणारी आहे, तिथे गावचा स्वतःचा नमुनासंग्रह नसेल तर ते महागडे शोभेचे सामान ठरते. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात यंत्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. संग्रह मात्र दुर्मीळ आहेत.

यंत्र करते काय, ते थोडक्यात सांगायला हवे. रेणूतले बंध स्थिर नसतात. ते ताणतात, आखडतात, वाकतात. प्रत्येक बंधाच्या या हालचालीची वारंवारता ठरलेली असते आणि नेमक्या त्याच वारंवारतेचा अवरक्त प्रकाश तो बंध गिळतो. कुठला प्रकाश किती गिळला गेला याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट. एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी बसतात त्या आकड्याला तरंगसंख्या म्हणतात आणि आमचे सगळे बोलणे या आकड्यांतच चालते. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवून हा न दिसणारा प्रकाश शोधला. अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झने १९०५ मध्ये अनेक संयुगांचे वर्णपट छापून पहिली मोठी यादी तयार केली. आजचे झटपट यंत्र त्यामानाने अलीकडचे: १९६५ मध्ये फूरिए गणिताची जलद रीत संगणकाला शिकवता आली आणि १९६९ च्या सुमारास तशी यंत्रे बाजारात मिळू लागली. कोब्लेंट्झकडे वेग नव्हता, पण यादीचे महत्त्व त्याने ओळखले होते. वेग मिळाल्यावर आपण यादी विसरलो, असे कधीकधी वाटते.

बंद यादीचे सर्वांत चांगले उदाहरण मुतखड्याचे आहे. रुग्णाच्या शरीरातून निघालेला खडा पूर्वी आम्ल, अल्कली आणि रंग बदलणारी द्रावणे वापरून तपासत. त्यात कॅल्शियम आहे, ऑक्झलेट आहे, एवढे कळे. पण कॅल्शियम ऑक्झलेटचे दोन प्रकार खड्यात आढळतात, एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू असलेला आणि दोन असलेला, आणि द्रावणांच्या चाचणीला हे दोन्ही सारखेच. डॉक्टरला ते सारखे नसतात. एक पाणी असलेला खडा टणक असतो आणि बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या माऱ्याला सहजी फुटत नाही. अवरक्त आलेखात १३२० आणि ७८० च्या आसपासची शिखरे पाहिली की दोघे वेगळे होतात, आणि दोन मिलिग्रॅम भुकटीत काम भागते. युरिक आम्ल, सिस्टीन, जंतुसंसर्गातून होणारे स्ट्रुव्हाइट, सगळ्यांचे आलेख ठळकपणे निराळे. हे इतके सोपे का? कारण माणसाचे मूत्रपिंड बेळगावात असो की बर्लिनमध्ये, ते खडे बनवते ते मोजक्या पदार्थांचेच. जर्मनीत तयार झालेला नमुनासंग्रह इथल्या रुग्णाला जसाच्या तसा चालतो. औषधांचेही तेच: भारतीय औषधकोशात अनेक औषधांच्या ओळखीची पहिली चाचणी अवरक्त वर्णपटाची असते, कारण पॅरासिटामॉलचा रेणू प्रांत बदलला म्हणून बदलत नाही. प्लॅस्टिकच्या पुनर्वापरासाठी सरकत्या पट्ट्यावर पीईटी वेगळे, पॉलिप्रॉपिलीन वेगळे करणारी यंत्रेही अशा बंद यादीवरच चालतात. अपवाद एक, काळे प्लॅस्टिक. त्यातली काजळी सगळाच प्रकाश गिळून टाकते आणि यंत्र आंधळे होते.

आता माती घेऊ, कारण खानापूरचे नाव मातीशी जोडलेले आहे. इथली कौले, विटा आणि मडकी जुन्या काळापासून बाहेर जातात, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खानापुरात काढली ती उगाच नव्हे. तालुक्याच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडे जांभा आणि त्याची तांबडी माती. पूर्वेला बैलहोंगलच्या दिशेने सरकावे तशी काळी जमीन सुरू होते. या दोन टोकांच्या मध्ये भातशेतांच्या आणि तळ्यांच्या तळाशी जी चिकण बसते, तीवर भट्ट्या चालतात. ही चिकण वाळवून, अकीकाच्या खलात पिठासारखी घोटून खिडकीवर ठेवली की आलेखाच्या उजव्या-डाव्या टोकांना ओळखीच्या खुणा दिसतात. ३६९५ आणि ३६२० ही जोडी केओलिनाइटची, म्हणजे कौलाला लागणाऱ्या मुख्य खनिजाची. ९१३ ला ॲल्युमिनियमशी बांधलेल्या हायड्रॉक्सिलचे शिखर. ७९८ आणि ७७९ ला जुळ्या शिखरांची वाळू. पुस्तकातल्या आलेखात ३६९५ आणि ३६२० यांच्या मध्ये आणखी दोन नाजूक शिखरे असतात, ३६६९ आणि ३६५२ ची. जगभर मापदंड म्हणून वापरला जाणारा केओलिनाइट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या खाणीचा आहे आणि त्यात ही चारही शिखरे स्वच्छ उमटतात. जांभ्याच्या प्रदेशातला केओलिनाइट बहुधा तसा नसतो. त्याच्या थरांची रचना विस्कटलेली असते, आत लोह शिरलेले असते आणि मधली दोन शिखरे एकमेकांत विरघळून एक आडवा खांदा तेवढा उरतो. त्यात जांभ्यातले गिब्साइट मिसळले तर ३५२५ च्या बाजूला आणखी शिखरे उभी राहतात. संगणकाने हा आलेख परदेशी यादीशी ताडला की जुळणीचा आकडा घसरतो आणि तो दुसऱ्याच एखाद्या खनिजाचे नाव पुढे करतो. इथे यंत्राचा दोष काही नाही. जे त्याला कधी दाखवलेच नाही त्याच्याबद्दल ते अंदाज बांधते आहे.

आणि या खनिजांतला फरक कागदावर राहत नाही, तो थेट भट्टीत जातो. काळ्या जमिनीतल्या स्मेक्टाइट या खनिजालाही ३६२० च्या आसपास आणि ९१५ ला शिखर असते, म्हणजे केओलिनाइटच्या तीनपैकी दोन खुणा तेही दाखवते. त्याला ३६९५ चे शिखर नसते, एवढाच भेद. ही काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळताना आक्रसते आणि कच्च्या विटेला भेगा पाडते. त्यामुळे विटेच्या मातीत काळी किती मिसळली आहे हे पाहायचे तर ३६९५ आणि ३६२० या दोन शिखरांच्या उंचीचे गुणोत्तर कामाला येते. भाजणीचा अंदाजही याच जोडीवरून घेता येतो. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केओलिनाइटच्या रचनेतले पाणी निघून जाते. ३६९५, ३६२० आणि ९१३ तिन्ही खुणा मावळतात आणि सिलिकाची तीक्ष्ण शिखरे एका रुंद उंचवट्यात मिसळतात. वीट फोडून तिच्या गाभ्याची भुकटी घेतली आणि तीत ३६२० अजून दिसत असेल, तर गाभ्यापर्यंत आच पोचली नाही. एक सावधगिरी मात्र लागते: अर्धवट भाजलेले कौल वर्षानुवर्षे पावसात भिजले तर पाण्याचा थोडा अंश रचनेत परत शिरतो, म्हणून जुन्या कौलावरून भाजणीबद्दल ठाम बोलू नये.

यावर पहिला आक्षेप कुंभारच घेईल, आणि तो घेण्याचा त्याला हक्क आहे. माती मळताना बोटांना कळते, वीट वाजवली की खणखणीत आहे की भद्द ते कानाला कळते. मग लाखो रुपयांचे यंत्र कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. भाजलेल्या कौलाचा लाल रंग हेमॅटाइटचा. त्याची शिखरे आलेखाच्या अगदी खालच्या टोकाला, सहाशेच्या खाली येतात, जिथे साध्या यंत्राची नजर मंदावते. तिथे कुंभाराचा डोळा यंत्राच्या पुढे आहे, यात वाद नाही. पण बोटांचे ज्ञान ओळखीच्या खाणीपुरते असते. जुने तळे संपले, शेताचा मालक बदलला, दुसऱ्या गावची माती आणावी लागली, की बोटांना पुन्हा शिकावे लागते, आणि ते शिकणे म्हणजे एक दोन भट्ट्या वाया घालवणे. त्या जागी जुन्या चांगल्या मातीचे आलेख जपून ठेवलेले असतील तर नवी माती त्यांच्या किती जवळची आहे हे जाळण्याआधी कळते. संग्रहाचा पाया मात्र कुंभाराच्याच निवाड्यावर उभा राहतो. कोणती माती चांगली हे त्याने सांगितल्याशिवाय यंत्राला ‘चांगली’ म्हणजे काय तेच ठाऊक नसते.

खानापूरचा पाऊस हा या कामातला स्वतंत्र विषय आहे. पुस्तकात नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत दाबून पारदर्शक चकती करायला सांगतात. हे मीठ हवेतले पाणी ओढते. जुलैत ही चकती साच्यातून निघतानाच दुधाळ होते आणि ३४०० च्या भोवती पाण्याचा एवढा फुगवटा उठतो की मातीची जोडी त्याच्या उतारावर लटकलेली दिसते. यंत्राच्या आतला प्रकाश विभागणारा आरसाही बऱ्याचदा याच क्षाराचा असतो. सिलिका जेलची निळी पिशवी गुलाबी झाली आणि कुणी पाहिले नाही, तर दुरुस्तीचे बिल मोठे येते. हिऱ्याच्या खिडकीने चकतीचा त्रास संपवला, पण दुसरा आणला. हिऱ्याला टेकलेल्या पदार्थाचा मायक्रॉन-दोन मायक्रॉनचाच थर प्रकाशाला दिसतो. ढेकळाचा तुकडा तसाच ठेवला तर जो कण टेकला त्याचाच आलेख मिळतो, ढेकळाचा नाही. म्हणून घोटणे, चाळणे, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन घेणे, पुन्हा वाटणे, हे कंटाळवाणे काम यंत्राच्या अर्ध्या मिनिटापेक्षा किती तरी महत्त्वाचे. वर नमुन्यावर वाकून बोलायचे नाही, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड २३५० ला शिंगासारखा उगवतो आणि नवशिके त्याला मातीचा गुण समजतात.

दुसरा आक्षेप संगणकवाल्यांचा: आता संख्याशास्त्र आणि शिकणारी प्रणाली आहे, हजार आलेख तिला द्या, भेद ती स्वतः शोधेल. शोधेल, यात शंका नाही. पण कशाचा भेद शोधला ते सांगणार नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या पेशींचे अवरक्त आलेख घेऊन निरोगी आणि कर्करोगग्रस्त पेशी वेगळ्या होतात असे दाखवले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढच्या वर्षांत हळूहळू स्पष्ट झाले की आलेखातल्या फरकात पेशींमधल्या ग्लायकोजेनचा, नमुन्यात आलेल्या रक्ताचा, दाहाच्या पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असू शकतो. भेद खरा होता, त्याचे कारण मात्र कर्करोगच आहे असे म्हणता येत नव्हते. जिवाणूंच्या बाबतीतही १९९१ मध्येच ‘नेचर’मध्ये जर्मन गटाचे महत्त्वाचे काम आले आणि आज त्या पायावर रुग्णालयातल्या संसर्गाचा माग काढणारी यंत्रे मिळतात. पण तिथेही अट तीच: जिवाणू त्याच खाद्यावर, तितकेच तास, तितक्याच उष्णतेला वाढवलेले हवेत, नाही तर यंत्र जिवाणूऐवजी त्याचे जेवण ओळखून मोकळे होते.

दुधाचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मोठ्या डेअरीतली विश्लेषक यंत्रे अवरक्त प्रकाशावर चालतात: फॅटसाठी १७४५ च्या आसपास, प्रथिनासाठी १५५० च्या, दुग्धशर्करेसाठी १०४० च्या आसपास मोजणी. गावच्या संकलन केंद्रावरचा छोटा डबा बहुधा ध्वनिलहरींवर चालतो, ते निराळे. पण दोन्ही यंत्रांना फॅट म्हणजे काय ते गर्बरच्या जुन्या आम्लाच्या नळीनेच शिकवलेले असते. ज्या दुधावर शिकवणी झाली ते होल्स्टिन गाईचे आणि पुढ्यात आले ते सात टक्के फॅटचे म्हशीचे, तर आकडा सरकतो. आणि एकाच दिशेने सरकतो, म्हणून तो कुणाच्या तरी खिशातून जातो. यावर उपाय महाग नाही. इथल्या म्हशींच्या दुधाचे नमुने आम्लाच्या पद्धतीने मोजून यंत्राला अधूनमधून पुन्हा शिकवावे लागते, इतकेच. पण ते कुणी तरी नेमाने करावे लागते.

मध आणि वनौषधी या बाबतीत मी अधिक सावध आहे. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने देशातल्या नामांकित ब्रँडांचा मध तपासला तेव्हा भारतीय मानकांच्या नेहमीच्या चाचण्या पार करणारे अनेक नमुने परदेशातल्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) चाचणीत नापास झाले. मधाशी जुळवून बनवलेला पाक मधात मिसळला तर शर्करा त्याच, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आयआरच्या ९०० ते ११५० च्या भागात त्यांची शिखरे एकमेकांवर चढतात. जांभळाचा मध, हिरड्याचा मध आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलते त्या वर्षीचा मध, हे खरे असूनही एकमेकांपासून एवढे निराळे असतात की त्या चढउतारात थोडी भेसळ लपून जाते. घाटातल्या नरक्याच्या झाडात, ज्याला अमृता म्हणूनही ओळखतात, कर्करोगाच्या औषधांचा मूळ पदार्थ कॅम्पटोथेसिन सापडतो. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तो भारतीय झाडात दाखवला. पण तो असतो टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि उरलेली सगळी साल म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन, जे कुठल्याही सालीत असते. इथे आयआर मात्रा सांगू शकत नाही. ते काम द्रव क्रोमॅटोग्राफीचे. अशोकाच्या नावाखाली आशुपालवाची साल आली आहे का, असा प्रश्न असेल आणि दोन्ही झाडांच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखलेल्या, वेगवेगळ्या महिन्यांत काढलेल्या साली कपाटात असतील, तर पोत्यांच्या ढिगातून संशयास्पद पोते बाजूला काढण्याइतपत आयआर चालते. शेवटचा निकाल त्याच्याकडून मागू नये. बेळगावात पारंपरिक वैद्यकावर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, म्हणजे असा वनस्पतिसंग्रह जिथे शोभेल अशी जागाही या भागात आहे.

मग नमुने बंगळूर-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत का पाठवू नयेत, हा तिसरा आक्षेप. काही नमुने पाठवावेतच. मधाचा एनएमआर खानापुरात होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. पण सगळेच बाहेर पाठवण्यात एक गोष्ट निसटते, ती मापाच्या मालकीची. निपाणीच्या तंबाखूची प्रत पिढ्यान्पिढ्या व्यापाऱ्याच्या हाताने आणि नाकाने ठरत आली. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी भावासाठी रस्त्यावर आले आणि त्यांतले काही गोळीबारात बळी गेले. तंबाखूतले निकोटिन आणि शर्करा अवरक्ताच्या जवळच्या पट्ट्यात, म्हणजे एनआयआरमध्ये, मोजण्याची पद्धत उद्योगात दशकांपासून रुळलेली आहे. उसाच्या रसासाठीही ती जगात अनेक कारखान्यांत वापरतात. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ. दशांश टक्क्याला जिथे पैसे मोजले जातात तिथे यंत्र कोणाचे यापेक्षा यंत्राला शिकवणारे नमुने कोणाचे, कोणी निवडले, हंगामाच्या सुरुवातीच्या उसाचे की शेवटच्या, हे विचारायला हवे. यंत्र कधी लाच घेत नाही असे म्हणतात. घेत नाही, त्याला तशी गरजच पडत नाही, शिकवताना दिलेला कल ते निमूटपणे पाळते. संदर्भनमुन्यांचा एक संच उत्पादकांच्या बाजूला, त्यांच्या संघाकडे किंवा एखाद्या कॉलेजकडे असेल तरच त्या कलावर बोट ठेवता येते.

असा संग्रह करायला यंत्राच्या किमतीच्या मानाने खर्च नगण्य, कष्ट मात्र बरेच. मातीपुरते बोलायचे तर प्रत्येक बाटलीवर गाव, शेताचा सर्व्हे नंबर, खोली, काढल्याची तारीख आणि त्या मातीचे कौल कसे निघते याबद्दल कुंभाराचे दोन शब्द, एवढे असले तरी पुरे. सोबत त्याच मातीची कच्ची भुकटी, ५०० अंशांना भाजलेली आणि ९०० अंशांना भाजलेली, अशा तीन पुड्या. आलेखाची फाइल यंत्राच्या कंपनीच्या बंदिस्त स्वरूपात न ठेवता साध्या आकड्यांच्या तक्त्यात ठेवावी, म्हणजे यंत्र बदलले तरी ती उघडेल. नमुने काढायचा काळ फेब्रुवारी ते मे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रोहिणी-मृगाचा पाऊस धरला की भातशेतांत पाणी उभे राहते, तळी भरतात आणि चिकणीचे थर दिवाळीनंतर पाणी ओसरेपर्यंत हाताला लागत नाहीत.